तिकडच्या शाळेची भिंत

२६ मार्च

विमानतळ बंद! म्हणजे माझं परत जाणं बोंबललं.

दुपारी नंदीशचा फोन आला. हा नंदीश इथं लोहाऱ्यात असताना यांच्या मागं पिशवी घेऊन हिंडायचा. आता राजभवनात यांचा स्वीय सहायक झालाय आणि माझ्याशीसुद्धा छापील बोलतो. "बाई, सीमेवर परिस्थिती बिघडली आहे. तोफा सुरू झाल्या आहेत. साहेब म्हणाले, बाईंना तिकडेच राहू द्या." साहेब म्हणाले! बायकोशी बोलायलाही साहेबांना आता माणूस लागतो.

कुरडया घालून पंधरवड्यात परत येते असं सांगून निघाले होते. राजभवनात आचारी ढीगभर, पण त्यांच्या हातच्या कुरडया म्हणजे नुसता पिठाचा गुंता. म्हणून आले. कुरडया झाल्या, पापड झाले, डबे भरून ठेवलेत. डबे इथं आणि खाणारा तिकडं.

शेजारची सिद्धम्मा म्हणाली, "बरं झालं की बाई. न्हाय तर तुमी बी अडकला असता." मला नाही बरं वाटत. माणूस तिथं एकटा आहे.

२८ मार्च

अखेर स्वतः बोलले. घाईत होते. मागं कुणीतरी हिंदीतून मोठमोठ्यानं बोलत होतं.

हे राज्यपाल झाले तेव्हा सगळ्यात जास्त मी हसले होते. तीनदा आमदार, मंत्रिपद जेमतेम अडीच वर्षं, तेही मत्स्यव्यवसायाचं — लोहाऱ्याच्या माणसाला मासे! मग दोनदा पडले. घरी बसून नुसती चिडचिड. पेपर वाचायचे आणि पेपरशीच भांडायचे. मग दिल्लीहून हे पद आलं. मी म्हटलं, "आता फिती कापा, शपथा द्या. तब्येतीला बरं आहे." त्यांनाही ते तेवढंच वाटलं होतं. पण डिसेंबरात तिथलं सरकार पडलं, राष्ट्रपती राजवट लागली आणि सगळा कारभार यांच्या टेबलावर येऊन पडला. सत्तरी ओलांडल्यावर माणसाच्या हातात पहिल्यांदा खरी सत्ता आली, आणि लगेच ही लढाई.

आवाज मात्र तरुण लागत होता. मला त्याचीच धास्ती वाटली.

३० मार्च

टीव्हीवर दिसले. डोक्यावर हेल्मेट, अंगात ते फुगीर जाकीट, त्यात मान अडकलेली. दवाखान्यात जखमींच्या खाटेपाशी उभे होते. एका म्हातारीनं यांचा हात धरला तो सोडेचना.

रणधीर — माझ्या धाकट्या दिराचा मुलगा, यांच्या जिवावर पुढारी झालेला — त्यानं लगेच बसस्टँडसमोर फ्लेक्स लावला. 'सीमेवरचा वाघ'. मी म्हटलं, "रणधीर, वाघाला दोन्ही गुडघ्यांना पट्टे लागतात." तो म्हणाला, "काकू, तुमाला आपल्या माणसाची किंमतच न्हाय."

किंमत मला नाही तर कुणाला?

१ एप्रिल

सीमेवरची गावं रिकामी करायचं काम चाललंय. लोक हलायला तयार नव्हते. हे स्वतः गेले. नंदीश सांगत होता, "साहेब त्यांच्या बाजेवर बसतात, त्यांचा चहा पितात आणि सांगतात, मी पण एकदा गाव सोडलंय." यांना तिकडच्या बोलीतलं एक वाक्य धड येत नाही. तरी माणसं उठली. बायका रडत उठल्या, पण उठल्या. तालुक्याच्या गावी एका जुन्या शाळेत त्यांची सोय केलीय. दगडी इमारत आहे म्हणे, इंग्रजांच्या वेळची.

हे काम यांना जमतं. उगाच नावं ठेवायची नाहीत. त्र्याण्णवच्या भूकंपात हे साधे जिल्हा परिषद सदस्य होते. पहाटे घर बसलं. दगडमातीच्या भिंती, वर माळवद, सगळं एकदम खाली. आमची वैशू भिंतीकडेला झोपली होती. पाच वर्षांची. यांनीच तिला बाहेर काढलं. चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं आणि दुपारी दुसऱ्यांच्या घरांचे दगड उपसायला गेले. मी तेव्हा त्यांचा राग राग केला. पण त्या दुपारी त्यांनी दोन माणसं जिवंत काढली. पुढं वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये लोकांबरोबर राहिले, धान्य वाटलं, भांडणं मिटवली. लोकांनी ते पाहिलं. निवडणुकीला उभे राहिले तेव्हा पहिल्या सभेत वैशूचं नाव घेतलं. सगळा मांडव रडला. मीही रडले. त्यानंतरच्या सभांना मी गेले नाही.

वैशूनंतर मूल झालं नाही. मी शाळेत शिकवत होते म्हणून निभावलं.

२ एप्रिल

सिद्धम्माच्या घरी वरच्या फळीवरून पातेली पडली. आवाज ऐकून गल्लीतली चार म्हातारी माणसं रस्त्यावर आली! त्यात मीही. मग सगळे एकमेकांकडं बघून हसलो. इतकी वर्षं झाली. लहान पोरांना आमचं कळत नाही. जमीन हलली की आधी मोकळ्यात पळायचं, चपला शोधायच्या नाहीत, हे आमच्या अंगात बसलंय. मी अजून भिंतीला लागून पलंग टाकत नाही.

४ एप्रिल

फोन नाही. टीव्हीवर तेच तेच. एक बाई ओरडते, दुसरा माणूस तिच्यावर ओरडतो.

५ एप्रिल

आज बोलणं झालं.

मीच फोन लावला होता. म्हटलं, जेवलात का? ते म्हणाले, "जेवण राहू दे. मी शाळेत जाऊन आलो. आज जवळ कुठंतरी गोळे पडले, सगळी इमारत हादरली. मोठ्या वर्गाच्या भिंतीला तडा गेलाय. वरपासून खालपर्यंत. आणि पोरं त्या भिंतीला लागूनच झोपवलीत."

मला पुढचं नीट आठवत नाही. मी ओरडले बहुतेक. "काढा त्यांना. आधी काढा. भिंतीखाली कुणाला झोपवू नका. अहो, तुम्ही तिला काढलंय ना तुमच्या हातांनी? तुम्हाला कळत नाही?" मग मला बोलताच येईना. इतक्या वर्षांत फोनवर अशी कधी रडले नाही. ते मधे काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "बरं. ठेव आता. बघतो."

तासाभरानं नंदीशचा फोन आला, की शाळेमागच्या मैदानावर तंबू ठोकायला घेतलेत. लहान पोरं आणि बाया आधी. साहेब स्वतः उभे आहेत.

बरं झालं. आता झोप लागेल. चांगलं काम झालं आज.

६ एप्रिल

मैदानावर गोळा पडला.

७ एप्रिल

तिघी गेल्या. एक म्हातारी, तिची सून आणि सुनेची मुलगी. मुलगी शाळेत जायला लागली होती, एवढंच बातमीत सांगितलं. जखमी बरेच आहेत. त्या गावाचं नाव टीव्हीवर सारखं घेतात. मला लिहवत नाही.

शाळेची इमारत दाखवली. उभी आहे. तडा गेलेली भिंतसुद्धा जागच्या जागी उभी आहे. वार्ताहर तिच्यासमोर उभा राहून बोलत होता. एवढी जाड भिंत. खिडकीच्या कट्ट्यावर माणूस आडवा झोपेल एवढी. आमच्या गावाकडच्या, मातीत रचलेल्या भिंती तशा पक्क्या कुठं होत्या? पण तो मला तडा म्हणाला आणि मला आमचीच भिंत दिसली.

भूकंपात बाहेर पळायचं असतं. तोफांमध्ये आत राहायचं असतं. आज दुपारी सिद्धम्माच्या नातवानं मला हे सांगितलं. त्याला माहीत होतं. सैन्याच्या व्हिडिओत असतं म्हणे.

८ एप्रिल

यांचा फोन आला. "जेवलीस का?" एवढंच विचारलं. मीही एवढंच विचारलं. दोघंही जेवलो नव्हतो आणि दोघांनीही हो म्हटलं.

११ एप्रिल

शस्त्रसंधी झाली. गावात फटाके वाजवले. रणधीरनं पेढे पाठवले. मी ते सिद्धम्माला दिले.

ती खात नव्हती. पेढा हातात धरून बसली आणि म्हणाली, "बाई, तुमी आजारी हाव का? तोंड लई उतरलंय." मी म्हटलं, उन्हानं. तिला सांगावंसं वाटत होतं. तिच्या सासूलाही भिंतीनंच नेलं, तिला कळलं असतं. पण मग ती म्हणाली असती, तुमचं काय चुकलं, कुणी बी तेच म्हटलं असतं. ते मला ऐकायचं नव्हतं.

कुणीही म्हटलं असतं, खरंय. पण कुणाचंही ऐकून तंबू ठोकले गेले नसते. मी राज्यपालांची बायको आहे. सल्ला देण्याआधी मी विचारायला हवं होतं — तिथं जाणतं कोण आहे, ते काय म्हणतात. एवढंही सुचलं नाही. थेट रडायला लागले.

१५ एप्रिल

आता टीव्हीवर एकच प्रश्न. लोकांना उघड्यावर न्यायचा निर्णय कुणाचा? एक निवृत्त अधिकारी सांगत होता, "हे तर नवा शिपाईही करणार नाही." दुसरा म्हणाला, स्थानिक प्रशासन. तिसरा म्हणाला, शत्रूवर बोला, आपल्या माणसांवर बोलू नका.

माझ्या डोक्यात वेगळंच. तिथं सैन्याचं कुणी नव्हतं का? कुणी यांना सांगितलं कसं नाही? यांना नसेल कळलं, मला तर नाहीच कळलं, पण ज्यांना कळतं ते कुठं गेले होते?

१८ एप्रिल

यांनी पत्रकारांना बोलावून सांगितलं, "निर्णय माझा होता. माझ्या एकट्याचा." प्रश्न घेतले नाहीत. माझं नाव नाही, फोनचं नाव नाही. दिल्लीहून कुणीतरी कळवलं होतं म्हणे, की असं काही बोलायची गरज नाही, शत्रूनं केलं एवढं म्हणून सोडून द्या. यांनी ऐकलं नाही.

टीव्हीसमोर बसून मी मोठ्यानं म्हटलं, एकट्याचा नाही हो. खोलीत कुणी नव्हतं.

एवढी वर्षं मी या माणसाला चिडवत आले. पुढारी म्हणून, भाषणं करणारा म्हणून. आज वाटलं, माझं ओझं हा आपल्या डोक्यावर घेऊन उभा आहे आणि मी इथं पंख्याखाली बसलेय. लाज वाटली.

२२ एप्रिल

राजीनामा दिला. मंजूर झाला. परवा निघतायत.

२५ एप्रिल

आले.

सोलापुरात उतरले, तिथून गाडीनं. मला वाटलं होतं गुपचूप येतील. कसलं काय! तामलवाडीलाच रणधीरची माणसं हार घेऊन थांबलेली. मग तुळजापूर, मग नळदुर्ग. दर ठिकाणी गाडी थांबवली. घरी पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. गाडीतून उतरले तेव्हा झेंडूच्या पाकळ्या कॉलरमध्ये अडकल्या होत्या. मी त्या काढल्या. मान एवढीशी झालीय.

पाय धुवायला पाणी दिलं. जेवायला वाढलं, कुरडया तळल्या. एक खाल्ली. म्हणाले, "छान झाल्यात." मग बराच वेळ ताटात बोट फिरवत बसले.

मी ठरवलं होतं, आल्या आल्या सांगायचं — चूक माझी होती. नाही जमलं. दमलेल्या माणसाला काय सांगायचं!

३० एप्रिल

बोलत नाहीत. सकाळी शेतावर जातात, लिंबाखाली बसतात, परत येतात. पूर्वी पेपरशी भांडायचे ते बरं होतं. आता पेपर उघडतच नाहीत.

मी वाट बघते. आज म्हणतील, उद्या म्हणतील — तुझं ऐकलं म्हणून झालं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी म्हणणारा माणूस. म्हणत नाही. प्रत्येक वेळी 'अहो' म्हणून मी थांबते आणि मग विचारते, चहा टाकू का?

दिवसातून चार-पाच वेळा चहा होतोय.

४ मे

रणधीर आला. दहा तारखेला तहसीलसमोरच्या मैदानावर नागरी सत्कार ठरवलाय. आम्हाला न विचारता पत्रिकाही छापून आणली. 'युद्धकाळात राज्य सांभाळणारे लोकनेते बलभीमअण्णा'. हे म्हणाले, "नको." तो म्हणाला, "अण्णा, लोकांचा जीव हाय तुमच्यावर. त्या टीवीवाल्यांचं कोण ऐकतंय? आपल्याकडं कुणाला बी इचारा, अण्णांनी गावंच्या गावं वाचवली."

ते खोटं नाही. गावं वाचवली. यांनी उठवली नसती तर त्या गावांतली किती माणसं गेली असती देव जाणे. पण तेवढंच धरून कसं चालेल? बाकीचं कुणी बोलायचं?

यांनी पत्रिका उलटी करून ठेवली. मग म्हणाले, "बरं, येतो. मला बोलायचंय."

रणधीर गेल्यावर मी विचारलं, काय बोलणार? म्हणाले, "जे झालं ते. इथं सांगायला पाहिजे. ही माणसं माझी आहेत, यांना सांगितलं की सुटेन." बऱ्याच दिवसांनी डोळ्यांत जरा धुगधुगी दिसली. मला बरं वाटलं. आणि भीतीही. माझंही सांगतील का? सांगितलं तर सांगू देत. मी मनाची तयारी केली.

१० मे

सत्कार झाला.

मांडव भरलेला. आम्हाला दोघांना व्यासपीठावर बसवलं. फेटा, शाल, श्रीफळ. मला साडी दिली, तिच्या प्लास्टिकचा आवाज सारखा होत होता. भाषणांवर भाषणं. भूकंपापासून सुरुवात, सीमेपर्यंत शेवट. ऐकताना वाटलं, एखाद्या गेलेल्या माणसाबद्दल बोलतायत.

मग हे उठले. कागद नव्हता. म्हणाले, "तुम्ही मला हार घालताय. मी तिघींचा जीव घालवून आलोय." शाळेचं सांगितलं, तड्याचं सांगितलं, तंबूंचं सांगितलं. काही लपवलं नाही. आवाज फुटत होता. म्हणाले, "भिंत बघितली आणि मला माझी वैशू दिसली. माझी पाच वर्षांची वैशू, या हातांनी काढलेली. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची वैशू अशी जाऊ नये. आणि मीच दुसऱ्याची वैशू घालवली. चूक माझी. एकट्याची."

बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला, हात जोडले. आणि मग टाळ्या! आधी तुरळक, मग सगळा मांडव. उठून उभे राहिले लोक. रणधीरनं माईक घेतला आणि म्हणाला, "याला म्हणत्यात मोठं मन! चूक कबूल करणारा असा पुढारी आख्ख्या देशात दाखवा." घोषणा सुरू झाल्या.

हे माईकपाशी तसेच उभे. हातानं थांबा थांबा म्हणत होते. लोकांना वाटलं, नम्रपणा. आणखी टाळ्या.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "टाळ्या वाजवल्या गं." दोनदा म्हणाले.

मला त्यांचा इतका कळवळा आला. माझा फोन यांनी आजही झाकून ठेवला. एवढ्या लोकांत सांगितलं असतं तर निम्मा भार माझ्याकडं आला असता. नाही सांगितलं. आता मात्र मी थांबणार नाही. उद्या सांगते.

११ मे

सांगितलं. आणि ऐकलंही.

शेतावर निघाले होते. मी म्हटलं, थांबा, मीही येते. लिंबाखाली बसलो. मी एका दमात बोलून टाकलं. "तिघी माझ्यामुळं गेल्या. मी फोनवर रडले नसते तर तुम्ही त्यांना बाहेर काढलं नसतं. तुम्ही सगळीकडं एकट्यानं अंगावर घेताय, ते मला सोसत नाही. लोकांना सांगा, नाहीतर मी सांगते."

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्यामुळं नाही."

मी म्हटलं, समजूत नका घालू.

"समजूत नाही. ऐक. तुझा फोन आला तेव्हा मी एकटा नव्हतो. बैठक चालली होती. सैन्याचा कर्नल होता, जिल्ह्याचे अधिकारी होते, नंदीश होता. कर्नल मला तेच सांगत होता. साहेब, भिंत जाड आहे, तडा नुसता गिलाव्याचा आहे, लोकांना आतच ठेवा. बाहेर एक गोळा पडला तर संपलं. दोनदा सांगितलं त्यानं."

मी विचारलं, मग?

"मला पटत नव्हतं. मी मनात ठरवलंच होतं, बाहेर काढायचं. बाकीचे त्याच्या बाजूचे होते. तेवढ्यात तुझा फोन वाजला. मी तुला भिंतीचं सांगितलं. तू रडायला लागलीस. मी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला."

मला आधी कळलंच नाही. विचारलं, कशाला?

"त्यांना ऐकू जावं म्हणून. नंदीशनं हिंदीत सांगितलं त्यांना, मॅडमची मुलगी अशीच भिंतीखाली गेली. तू किती वेळ रडत होतीस. कुणी मान वर केली नाही. मग कर्नल म्हणाला, जैसा आप ठीक समझें."

म्हणजे जाणता माणूस तिथं होता. बोलतही होता. महिनाभर मी विचारत होते, कुणी सांगितलं कसं नाही. सांगितलं होतं. माझ्या रडण्यानं त्याचं तोंड बंद केलं, आणि ते रडणं यांनी टेबलावर मांडलं.

"मला वाटलं, मी लोकांना वाचवतोय," ते म्हणाले. ते खरं असणार. मी या माणसाला ओळखते, मुद्दाम वाईट करणारा नाही. पण बैठक हातची जायला लागली की काय काढायचं हेही त्यांना नेमकं माहीत होतं. पहिल्या सभेपासून माहीत होतं. पोरगी गेली त्याचं दुःख यांनाही माझ्याएवढंच आहे, त्यात मला कधी शंका नव्हती. आजही नाही. पण त्यांचं दुःख कामाला येतं. माझं नुसतं दुःख होतं. तेही त्यांनी वापरलं. मी जिवाच्या आकांतानं रडत होते आणि चार परके पुरुष ते ऐकत होते.

ते म्हणाले, "बोल काहीतरी." मी उठले आणि घरी चालत आले. मागून हाका मारत होते. गुडघ्यांनी त्यांना भरभर येता येत नाही. मी थांबले नाही.

१२ मे

सकाळी चहा दिला आणि सांगितलं — वैशूचं नाव यापुढं तुम्ही घ्यायचं नाही. सभेत नाही, घरातही नाही.

ते "बरं" म्हणाले.